मालक : खंडेराव

खंडेराव गेट, झाशी
दिवाळीनंतरचा दुसरा रविवार

प्रिय माधुरी,

पाकिटावरचं अक्षर ओळखूनही तू ते फोडलंस, म्हणजे माझं निम्मं काम झालं. आठ वर्षांनी लिहिते आहे. फोन केला नाही, कारण तू माझा नंबर ब्लॉक केला आहेस की नाही हे मला ठाऊक नाही आणि तपासून बघायची हिंमत नाही. पत्राचं तसं नसतं, पोस्टमन ते आणून टाकतोच. तुझा साताऱ्याचा पत्ता माझ्या लोणच्यांच्या वहीच्या शेवटच्या पानावर तुझ्याच हातचा आहे. तुझ्या यजमानांच्या, सुभेदारसाहेबांच्या, बदलीची पहिली कुणकुण लागली त्या दिवशी लिहून ठेवला होतास, म्हणजे आपलं बिनसायच्या आधी. त्यावर मोहरीचं तेल सांडलंय आणि पिनकोडातला शेवटचा आकडा एक आहे की सात ते कळत नाही. मी एक धरला आहे.

आधी बातमी. माझ्या लेकीचं, स्वरालीचं, लग्न ठरलं. हो, तीच स्वराली, जिला तू शुद्ध मराठी शिकवायला बसलीस आणि तीन महिन्यांनी स्वतःच 'काय गं बिटिया' म्हणायला लागलीस. आता गुडगावला नोकरी करते, मराठी सगळं समजतं, बोलायला लावलं की मात्र दुसऱ्या वाक्याला हिंदीत उडी मारते. मुलगा चांगला आहे, पण त्याची चौकशी तू नंतर कर, कारण आमच्या घरात सध्या मुलापेक्षा घाण्याची चिंता जास्त आहे. सासूबाई, म्हणजे तुझ्या सीताकाकू, चौऱ्याऐंशीच्या झाल्या आहेत. त्यांनी जाहीर केलं आहे की हळद कुटायचा घाणा भरला जाईल तर ओव्यांसकट, नाहीतर त्या हळदीला हात लावणार नाहीत. मोबाइलवरची गाणी नकोत, भाड्याच्या बायका नकोत, आपल्या घरच्या ओव्या हव्यात. आणि अडचण अशी की ओवी म्हणायला बसल्या की त्या पहिली ओळ म्हणतात आणि थांबतात. पुढे शब्दच येत नाही. 'विसरलात का?' म्हटलं की डोळे वटारतात, 'विसरले नाही, थांबलेय.' विसरलेली माणसं असंच म्हणतात, असं मी मनात म्हटलं आणि आत जाऊन थोडी रडले. चाळीस ओव्या त्या बाईच्या डोक्यात होत्या गं, आणि मला एकही पूर्ण येत नाही. मला शब्द लक्षात राहत नाहीत, भांडणं राहतात.

तेव्हा आठवलं ते तुमचं रेकॉर्डिंग. तीन उन्हाळे तू बबीन्याच्या लष्करी छावणीतून बस पकडून यायचीस, कूलर बंद करायला लावायचीस कारण त्याचा आवाज रेकॉर्डिंगमध्ये येतो, आणि आम्ही तिघी घामानं निथळत त्या जुन्या कॉम्प्युटरपुढे बसायचो. तू आणि सासूबाई गायच्या, मी बटण दाबायची. एकदा मीही सूर लावून बघितला होता, तेव्हा सासूबाई म्हणाल्या होत्या, 'सरले, तू बटणच दाब, तो आवाज चांगला आहे.' ओवीत मध्येच 'कलेवा' आला की तू हसायचीस, मराठी ओवीत नवरदेवाला बुंदेली न्याहारी कोण वाढतं म्हणून. सासूबाई म्हणायच्या, अडीचशे वर्षं इथं राहिल्यावर नवरदेव उपाशी थोडाच राहणार.

आणि तो कॉम्प्युटर कुणाच्या नावावर होता ते आठवतंय ना? आमच्या घराची रीतच ती. मोठी वस्तू घरात आली की ती कुलदैवताच्या नावावर, आपण नुसते वापरणारे. स्कूटरवर पुढे 'खंडेराव' रंगवलेलं होतं, फ्रिजवर आहे, कूलरवर आहे. गॅसचं कनेक्शन घेताना एजन्सीवाल्यानं देवाच्या नावावर द्यायला नकार दिला, म्हणून सासूबाई अजूनही गॅसवर पूर्ण विश्वास ठेवत नाहीत. तू कॉम्प्युटर सुरू करून दिलास, त्यानं वापरणाऱ्याचं नाव विचारलं, तू 'सरला' टाइप केलंस आणि मागून सासूबाईंनी तुझा हात धरला. मग तू निमूटपणे 'खंडेराव' टाइप केलंस, वर घोड्याचं चित्रही लावलंस, पासवर्ड स्वतःच्या मनानं ठेवलास आणि तो रोज न विचारता मशीन सुरू होईल अशी सोयही करून दिलीस. रोज सकाळी मशीन सुरू केलं की पडद्यावर यायचं, 'स्वागत आहे, खंडेराव.' सासूबाई हात जोडायच्या.

त्या मशीनला मारलं मीच. यंदा दसऱ्याला शस्त्रपूजन केलं. आता आमच्याकडे शस्त्रं म्हणजे विळी, यांचा रेल्वेतला पाना-पक्कड आणि कॉम्प्युटर. देवाचं मशीन म्हणून नुसतं हळदकुंकू कसं चालेल, मी मूठभर भंडारा उधळला. मशीन चालू होतं. मागचा पंखा फिरत होता, त्यानं भक्तिभावानं सगळा भंडारा आत ओढून घेतला. एक पिवळा ढग बाहेर आला, 'खर्र' असा आवाज झाला आणि खंडेराव बंद पडले. हे म्हणाले, देव प्रसन्न झाला. मी आठ दिवस यांच्याशी बोलले नाही.

इलाइट चौराह्याच्या मागे नीलकंठ भैयांचं दुरुस्तीचं दुकान आहे. पन्नाशीचा माणूस, आधी रेडिओ दुरुस्त करायचे. त्यांनी मशीन उघडलं, बोट फिरवलं, वास घेतला आणि म्हणाले, 'दीदी, इसमें हल्दी है।' मी म्हटलं, पूजेची आहे. ते म्हणाले, 'पूजा तो पूरी हो गई फिर।' मशीन गेलं होतं, पण आतली डिस्क शाबूत होती. ती त्यांनी एका डबीत बसवून दिली, म्हणाले स्वरालीच्या नव्या लॅपटॉपला जोडा, गाणी उतरवून घ्या. मी आनंदात घरी आले, डबी जोडली, 'खंडेराव' नावाचं फोल्डर दिसलं, त्यावर क्लिक केलं आणि पडद्यावर आलं की या फोल्डरमध्ये शिरायची तुम्हाला परवानगी नाही. पुढे जायचं असेल तर हे बटण दाबा. दाबलं. हिरवी पट्टी सरकत सरकत टोकाला गेली आणि पुन्हा तेच, परवानगी नाही.

ते वाचलं आणि मला मंडळाचा गणपती आठवला, माधुरी. तुला तर आठवत असणारच. तू स्टेजवर उभी राहून सासूबाईंची घाण्याची ओवी म्हटलीस, लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि मी सगळ्या मंडळासमोर उठून म्हटलं, 'आमच्या घरची गाणी आहेत ही. तुला परवानगी दिली कोणी? तीन वर्षांची पाहुणी तू, उद्या निघून जाशील.' तू एक शब्द बोलली नाहीस. खाली उतरलीस, चप्पल घातलीस आणि गेलीस. महिन्याभरात तुमची बदली झाली आणि मी स्टेशनवर आले नाही. आले नाही असं नाही. आले होते. ओव्हरब्रिजवर उभी राहिले आणि गाडी सुटल्यावर खाली उतरले. हे आजपर्यंत कुणाला सांगितलेलं नाही.

तर कॉम्प्युटरसमोर बसून मी विचार केला की पासवर्ड लागणार, आणि पासवर्ड तुझ्याकडे. तुला विचारण्यापेक्षा मी काहीही करायला तयार होते, त्यामुळे मी काहीही केलं. लॅपटॉपवर 'खंडेराव' नावाचं नवं खातं उघडलं. म्हटलं, नाव तेच, गाव तेच, काय कळणार आहे त्या यंत्राला? त्याला कळलं. पुन्हा परवानगी नाही. मग मला वाटलं स्पेलिंग चुकलं असेल, म्हणून एक ए जास्त घालून आणखी एक खंडेराव केला, मग ओ घालून तिसरा. सासूबाई मागे बसून बघत होत्या. लॅपटॉप सुरू केला की तीन खंडेराव ओळीनं उभे राहायचे, आणि कुणाचाच उपयोग नाही. सासूबाई म्हणाल्या, 'अगं, नाव ठेवल्यानं कोणी देव होतो का?' हेच पुढे नीलकंठ भैयांनी सांगितलं, फक्त जास्त वेळ लावून.

दुसऱ्या दिवशी मी दुकानात निघाले तर सासूबाईही ई-रिक्षात चढून बसल्या. देवाच्या वस्तूचा प्रश्न आहे, मी येणार. भैयांनी समजावून सांगितलं की प्रत्येक गाण्याला एक चिठ्ठी चिकटवलेली असते. मालक कोण, ऐकायची मुभा कुणाला, पुसायची कुणाला. गाणी नव्या घरी आली, चिठ्ठी जुन्याच घरची आहे. नवं मशीन त्या मालकाला ओळखत नाही, त्याच्यासाठी तो नुसता एक लांबलचक नंबर. नवा खंडेराव बनवला तर त्याचा नंबर वेगळा. आणि पासवर्ड? मी धीर करून विचारलं. ते म्हणाले, 'पासवर्ड का कोई काम ही नहीं है।' सुटले असं वाटलं, माधुरी. आणि लगेच थोडं वाईटही वाटलं, कारण तुला फोन करायचं निमित्त गेलं.

मग भैया म्हणाले दोन मिनिटांचं काम आहे, मालक बदलून दीदींचं नाव टाकतो. सासूबाई खुर्चीवरून उठल्या. 'क्या बदल दोगे?' मालिक, अम्मा. 'किसको हटाओगे?' पुराने मालिक को. 'पता है कौन है पुराना मालिक?' भैयांनी पडद्यावर बघितलं आणि नंबर वाचून दाखवला. सासूबाई कडाडल्या, 'वो नंबर नहीं हैं, हमाए कुलदेवता हैं!' शेजारच्या मोबाइलच्या दुकानातली माणसं बघायला आली. एकजण म्हणाला, मग त्यांनाच बोलवा, आधार कार्ड घेऊन. भैयांनी आधी स्वतःचे दोन्ही कान पकडले, मग डोकं खाजवलं, मग बराच वेळ काहीतरी उघडून वाचत बसले आणि म्हणाले, एक रस्ता आहे. मालकाला हात लावायचा नाही. तो जिथं आहे तिथं राहू दे. खाली यादीत दीदींचं नाव जोडतो, नुसतं ऐकायच्या परवानगीसकट. 'मालिक भगवान, आप पुजारी। सुन सकती हैं, मिटा नहीं सकतीं।' सासूबाईंना ते फार पटलं. त्यांनी तिथंच कनवटीची भंडाऱ्याची पुडी काढली. भैयांनी लॅपटॉप उचलून छातीशी धरला.

घरी येऊन उघडलं तर बाहेरचं दार उघडलेलं आणि आतल्या खोल्या सगळ्या बंद. 'खंडेराव' उघडतंय, त्यातलं 'संगीत' उघडतंय, पण गाण्यावर टिचकी मारली की परवानगी नाही. भैयांनी केलं ते बघून मी शिकले होते, म्हणून एकेका गाण्याच्या चिठ्ठीवर माझं नाव घालत बसले. दोन दुपारी खपून सदतीस गाणी झाली. तुझी नावं ठेवण्याची तऱ्हाही काय गं! 'काकू हळद', 'काकू हळद फायनल', 'काकू हळद फायनल पक्का', आणि सगळ्यात शेवटी 'काकू हळद आता बास'. अडतिसाव्याला कंटाळून भैयांना फोन केला, तर ते म्हणाले, 'अरे दीदी, नीचे एक टिक छूट गया हमसे, वो लगा दो, सब में अपने आप हो जाएगा।' टिक लावली. उरलेली दीडशेवर गाणी मोजून चार सेकंदांत उघडली. त्या दोन दुपारींबद्दल मी यांना सोडून कुणालाही दोष देत नाही.

मग मी सासूबाईंना बसवलं, कूलरचे दिवस नव्हते तरी सवयीनं त्याचं बटण तपासलं, आणि 'आता बास' लावलं. सासूबाईंचा आवाज आला, आठ वर्षांपूर्वीचा, खणखणीत. 'पहिली हळद गं वाहू खंडेरायाला…' आणि त्या थांबल्या. अगदी तिथंच, जिथं आता थांबतात. म्हटलं, तेव्हाही विसरल्या होत्या की काय? आणि तेवढ्यात तुझा आवाज आला, 'दुसरी हळद गं लावू परगावच्या सईला.' मग पुन्हा सासूबाई, पुन्हा थांबणं, पुन्हा तू. माझ्या शेजारी बसलेल्या सासूबाई मान डोलावत होत्या, आणि तुझ्या आवाजानंतर प्रत्यक्ष, आत्ता, इथं, त्यांनी तिसरी ओळ म्हटली. मग पाचवी. मग सातवी. एक शब्द चुकला नाही. त्या विसरल्याच नव्हत्या, माधुरी. त्यांची ओळ म्हणून झाली की त्या दुसऱ्या आवाजासाठी थांबत होत्या. महिनाभर मी त्यांना बदाम भिजवून चारत होते.

खरी गोष्ट त्याच गाण्याच्या शेवटी आहे. ओवी संपली आणि मी, जिला एकच काम दिलं होतं, बटण दाबायला विसरले. दार वाजलं होतं, दूधवाला आला असणार, मी उठून गेल्याचा आवाज आहे. मग सासूबाई हळू आवाजात तुला सांगतात, 'मंडळाच्या गणपतीत हीच म्हण. माझी परवानगी आहे. सरलेला बोलू नकोस, ती आधी भिते आणि मग भांडते.' आणि तू हसतेस, 'नाही सांगणार काकू, शपथ.' मी ते तीनदा ऐकलं. चौथ्यांदा ऐकवेना. ज्यांची गाणी, त्यांनीच तुला परवानगी दिली होती, आणि सगळ्या मंडळासमोर मी तुला चोर ठरवत होते तेव्हा तू शपथेपायी गप्प राहिलीस. मी सासूबाईंना विचारलं, तुम्ही तरी त्या दिवशी का नाही बोललात? त्या म्हणाल्या, त्या गणपतीला मी तापानं घरी झोपले होते, मला कुणी काही सांगितलंच नाही, तू म्हणालीस माधुरी कामात असते म्हणून येत नाही. हे खरं आहे. मी तसंच म्हटलं होतं. आठ वर्षं त्या दर उन्हाळ्यात विचारत राहिल्या आणि मी दर उन्हाळ्यात तेच सांगत राहिले.

मी चुकले. हे मी तोंडानं सांगायला हवं होतं, त्याच आठवड्यात, स्टेशनवर, पुलावरून खाली उतरून. माझ्याकडे कारण काहीही नाही. मला हेवा वाटला होता, एवढंच. वीस वर्षं सून असून माझ्या वाट्याला बटण आलं होतं आणि तुझ्या वाट्याला ती दुसरी ओळ.

आता हे पत्र का लिहिलं ते सांगते. पासवर्ड नको आहे, गाणी उघडली आहेत, आणि सासूबाईंनी ती घाण्याला लावायला साफ नकार दिला आहे. म्हणतात, डबीतली माधुरी माझ्यासाठी थांबत नाही, मी श्वास घ्यायला थांबले की ती पुढे निघून जाते. आमच्याकडे पहिली पत्रिका देवापुढे ठेवतात, ती काल खंडेरायापुढे ठेवली. दुसरी या पाकिटात आहे, तिच्यावर अक्षता सासूबाईंनी स्वतः लावल्या आहेत आणि भंडारा मी. घाणा लग्नाच्या दोन दिवस आधी आहे. मुसळं दोन असतात, एक सासूबाईंनी आत्ताच पुसून आपल्या बाजूला ठेवलं आहे आणि दुसऱ्याला कुणाला हात लावू देत नाहीत. नीलकंठ भैयांकडे जाऊन मी लॅपटॉपवर तुझ्या नावाचं खातं उघडून घेतलं आणि प्रत्येक गाण्याच्या चिठ्ठीवर तुझं नाव घातलं, या वेळी टिक लावून. मालक खंडेरावच आहेत. माझ्या नावापुढे फक्त ऐकायची परवानगी आहे, तुझ्यापुढे सगळी. पुसायचीही. ये गं. मी स्टेशनवर येईन, आणि या वेळी प्लॅटफॉर्मवर उभी राहीन.

तुझीच,
बटण दाबणारी सरला